दिनविशेष : १५ मे १८००
लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात या दिवशी जेम्स हॅडफिल्ड या माजी सैनिकाने राजा तिसरा जॉर्ज याच्यावर पिस्तूल झाडले. नेम चुकला, परंतु राजद्रोहाच्या खटल्यात टॉमस अर्स्किन या वकिलाने १७९४ मध्ये रणांगणावर डोक्याला झालेल्या जखमांकडे लक्ष वेधले आणि सरकारच्या हातून मरण आल्यास ख्रिस्ताचे पुनरागमन होईल, हा भ्रम त्यातूनच जडल्याचे पटवून दिले, तेव्हा आरोपी निर्दोष ठरला. अशा माणसाला मोकळे सोडणे धोक्याचे आणि डांबून ठेवण्यास कायद्याचा आधार तोकडा, म्हणून संसदेने त्याच वर्षी पूर्वलक्षी प्रभावाने, म्हणजे आधीच्या घटनांनाही लागू होणारा, कायदा करून वेडामुळे सुटलेल्यास 'राजाची मर्जी होईपर्यंत', अर्थात बेमुदत, स्थानबद्ध ठेवण्याची तरतूद केली. शिक्षा झालेल्या कैद्याला निदान सुटकेची तारीख ठाऊक असते, निर्दोष ठरलेल्या हॅडफिल्डला तीही नव्हती, हे या कायद्याचे सर्वांत क्लेशदायक अंग होय. १८४१ मध्ये बेथलेम मनोरुग्णालयात तो स्थानबद्ध असतानाच मरण पावला. भारतातही मनोविकारामुळे कृत्याचे स्वरूप न उमगणारा आरोपी भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ नुसार निर्दोष ठरतो. मात्र त्याला सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा किंवा हमी घेऊन नातलगांच्या स्वाधीन करण्याचा आदेश न्यायालय देते.