दोन कार्यालये, एक जाळे : व्हीपीएन भुयाराची जोडणी

भिवंडीत गोदाम आणि पुण्याच्या मार्केट यार्डात पेढी असा ज्यांचा कारभार आहे, त्यांची अपेक्षा साधी असते. गोदामातील साठ्याचे आकडे पेढीवरच्या संगणकाला दिसावेत आणि वाटेत ते कोणी वाचू नयेत. स्वतंत्र लीज्ड लाइन हा राजमार्ग खरा. पण तिचे भाडे छोट्या व्यवसायाला परवडत नाही. अशा वेळी व्हीपीएन, अर्थात आभासी खासगी जाळे, उपयोगी पडते.

पेढीतून गोदामाकडे निघालेले पॅकेट राउटर सांकेतिक रूपात बदलतो, त्यावर पलीकडच्या राउटरचा सार्वजनिक पत्ता असलेले नवे वेष्टन चढवतो आणि इंटरनेटवर सोडतो. योग्य चावी असलेला पलीकडचा राउटरच ते वेष्टन उतरवू शकतो. यालाच भुयार म्हणायचे. प्रत्यक्षात खोदकाम कुठेच नसते.

खरी मेख आहे ती पत्त्यांत. बाजारात मिळणारे बहुतेक राउटर १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ या मालिकेतील पत्ते वाटतात. दोन्हीकडे एकच मालिका असेल, तर १९२.१६८.१.२० हा गोदामातील संगणक पेढीतला संगणक आपल्याच लॅनवर शोधत बसतो आणि पॅकेट भुयाराच्या तोंडापर्यंतही पोहोचत नाही. म्हणून एका ठिकाणची मालिका आधीच बदलावी, उदाहरणार्थ, १०.२०.३० करावी. प्रिंटर आणि कॅमेऱ्यांना हाताने दिलेले पत्तेही तेव्हा बदलावे लागतात, तेव्हा हे काम सुट्टीच्या दिवशी काढलेले बरे! पलीकडच्या मालिकेचा मार्ग दोन्ही राउटरना सांगावा. एकालाच सांगितला तर निरोप जातो, उत्तर येत नाही.

निदान एका टोकाला स्थिर सार्वजनिक पत्ता हवा. राउटरला सेवादात्याकडून १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल, तर तो सामायिक पत्ता होय. त्या टोकाला बाहेरून हाक मारता येत नाही, मात्र तेथून बाहेर हाक देता येते.

पद्धत निवडताना जुन्या पीपीटीपीच्या वाटेला जाऊ नये. तिच्यासोबत सर्रास वापरली जाणारी ओळख-पडताळणी फोडता येते, हे २०१२ मध्ये दाखवून दिले गेले. आयपीसेक अनेक व्यावसायिक राउटरमध्ये असते. २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात दाखल झालेले वायरगार्ड मांडायला सर्वांत सुटसुटीत.

जोडणी झाली, पिंगही चालले, पण मोठी फाइल मध्येच अडकते? वेष्टनालाही जागा लागते. पॅकेटची नेहमीची १५०० बाइटांची मर्यादा भुयारासाठी १४२० किंवा त्याहून कमी करून पाहावी.

भुयार बाहेरच्यांपासून राखण करते, आतल्यांपासून नव्हे. गोदामातील संगणकात शिरलेला खंडणीखोर व्हायरस त्याच वाटेने पेढीच्या हिशेबापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून फायरवॉलमध्ये साठ्याच्या सर्व्हरपुरतीच वाट मोकळी ठेवावी. गोदामातील कॅमेऱ्यांना पेढीच्या खतावणीशी काही कर्तव्य नसते.