चिंचवणी आणि मुरंबा : न टिकणाऱ्या चवीचा इतिहास

फळाचा गर, काहीतरी गोड आणि थोडे पाणी एवढ्याच सामग्रीवर जगातल्या बहुतेक स्वयंपाकघरांनी पोळीशी, शेवयांशी किंवा गोडाच्या पदार्थाशी खाण्याजोगे काही ना काही रांधलेले आहे. मराठी स्वयंपाकघरात या प्रकाराची दोन कुळे दिसतात. एक मुरंब्याचे : मुरंबा, साखरांबा, गुळांबा, मोरावळा. दुसरे पन्ह्याचे : पन्हे, आमरस, गुळवणी, चिंचवणी. पहिल्या कुळातले पदार्थ बरणीत वर्षभर राहतात, दुसऱ्या कुळातले केल्या दिवशीच संपवावे लागतात. हा फरक केवळ टिकाऊपणाचा आहे असे वरवर वाटते. आमच्या मते तो इतिहासाच्या साधनांचाही आहे. जे टिकते त्याची नोंद होते; जे त्याच दिवशी संपते त्याची नोंद करण्याचे कोणाला कारण पडत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिंचवणीच्या निमित्ताने हा मुद्दा येथे मांडायचा आहे.

आरंभ शब्दांपासून करू. ‘मुरंबा’ हा अरबी ‘मुरब्बा’वरून फारसीमार्गे आपल्याकडे आलेला शब्द आहे. ज्या क्रियापदापासून तो झाला त्याचा अर्थ जोपासणे, वाढवणे असा होतो. मराठीने त्याला आपल्या पद्धतीने घरचे करून घेतले. ‘मुरणे’ हे क्रियापद आपल्याकडे होतेच, ‘आंबा’ही होता, त्यामुळे ‘मुरांबा’ हे रूप लोकांना इतके स्वाभाविक वाटले की त्यामागचा अरबी शब्द झाकून गेला. लोकव्युत्पत्तीचे हे उदाहरण भाषाशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखे आहे. ‘साखरांबा’ आणि ‘गुळांबा’ मात्र उघड मराठी समास आहेत आणि त्यांच्यातला फरक घराच्या ऐपतीचाही फरक होता.

‘चिंचवणी’ची घडण वेगळी आहे. ‘चिंच’ हा शब्द संस्कृत ‘चिञ्चा’पासून आला. ‘वणी’ म्हणजे पाणी; ‘गुळवणी’ आणि ‘मिठवणी’ यांतही तेच ‘वणी’ आहे. (वणी नावाचे गाव आमच्याच जिल्ह्यात आहे आणि इंग्रजी अमलात काही काळ सबंध जिल्हाच त्या नावाने ओळखला जाई. तरी त्याचा या उत्तरपदाशी संबंध जोडण्याचा मोह टाळलेला बरा.) वऱ्हाडी उच्चारात ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून येथे गुळाचा ‘गूय’ होतो आणि चिंचवणीची ‘चिंचवनी’. कोशात शुद्ध रूप सापडेलही, पण जे रूप चुलीपुढे बोलले जाते ते बहुधा कागदावर उतरलेले नसते.

कृती साधी आहे. नव्या चिंचेचा लिंबाएवढा गोळा, शिरा आणि चिंचोके काढून, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायचा. मग तो हाताने कोळून गाळून घ्यायचा. त्यात चिंचेच्या दुप्पट-तिप्पट गूळ विरघळवायचा, चिमूटभर मीठ घालायचे आणि हवी तर वेलची किंवा जिऱ्याची पूड. काही घरी हे असेच पातळ ठेवतात, काही घरी मंद आचेवर जरा आटवून दाट करतात. पोळी, शेवया, सरगुंडे यांच्याशी ते खाल्ले जाते. गूळ एवढा का लागतो याचे कारण चिंचेतच आहे. कैरी पिकताना तिच्यातले आम्ल कमी होत जाते आणि आंबा गोड होतो. चिंचेतले टार्टारिक आम्ल मात्र पिकतानाही फारसे घटत नाही. साखर वाढते, आंबटपणाही राहतो. म्हणून पिकलेल्या चिंचेलाही गुळाची सोबत लागते.

या पदार्थाचा मान आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. माघ-फाल्गुनापासून चिंच झाडावरून उतरते, उन्हाळ्यात अंगणाअंगणांत ती फोडली जाते आणि वैशाखात आखाजी येते तेव्हा घरात नवी चिंच असते. वऱ्हाडातल्या अनेक घरांत या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली घागर पुजतात आणि पानावर शेवया, कुरड्या, वडे यांच्याबरोबर आमरस किंवा चिंचवणी वाढतात. ज्याच्या धुऱ्यावर आंब्याचे झाड आहे त्याच्याकडे रस; ज्याच्याकडे नाही त्याला गावच्या चिंचेचा आधार. चिंच फोडणे हे मजूर बायांचे उन्हाळी काम. कपाशीची उलंगवाडी झालेली, पाऊस दूर, शेतात काम नाही, अशा दिवसांतले. गर बाजारात जाई, चिंचोके वेगळे विकले जात. चिंचोक्यांच्या पुडीची खळ कापडाच्या सुताला देतात. म्हणजे कापसाच्या या मुलखाशी चिंचेचे नाते स्वयंपाकघरापुरते नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना या आंबटगोड रसाची एक वेगळी ओळख आहे, पण ती आपण ओळख म्हणून लक्षात घेत नाही. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसनिष्पत्ती समजावून सांगताना स्वयंपाकाचाच दृष्टांत घेतला : गूळ आदी द्रव्ये, व्यंजने आणि औषधी यांच्या संयोगाने जसे षाडवादी रस सिद्ध होतात, तसे. पुढे अभिनवगुप्तांच्या विवेचनातून आणि मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’तून ‘पानकरसन्याय’ रूढ झाला. पानकात गूळ वेगळा लागत नाही, मिरे वेगळे लागत नाहीत, सगळ्यांहून निराळी अशी एकच चव लागते. रसास्वादही तसाच असतो, हा त्याचा आशय. आपले ‘पन्हे’ हे या ‘पानका’चेच मराठी रूप आहे. एम. ए.च्या वर्गात आपण हा न्याय वर्षानुवर्षे शिकवतो, विद्यार्थी तो उत्तरपत्रिकेत लिहितात. परंतु ज्या घरात आखाजीला हे पानक अजून केले जाते त्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याला दृष्टांतातली वस्तू आपल्या जिभेवरची आहे, हे सांगायचे राहून जाते. मग सिद्धान्त परका होतो आणि चव अडाणी ठरते.

आता नोंदींकडे वळू. राजदरबारांनी खाद्यपदार्थांची दखल घेतली आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा (राज्यकाल ११२६–११३८) याच्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या भोजनाचे आणि पेयांचे सविस्तर वर्णन आहे. सतराव्या शतकातल्या रघुनाथ गणेश नवहस्त यांच्या ‘भोजनकुतूहल’ या संस्कृत ग्रंथात मराठी पदार्थनामे आढळतात. त्यानंतर छापखान्याचे युग आले. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१०चे. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७०ची. या परंपरेत मुरंबे-लोणच्यांना मानाचे स्थान मिळाले, आणि त्याला कारण आहे. मुरंब्यात पाकाचा अंदाज चुकला तर बुरशी येते किंवा साखर धरते. वर्षभराची बेगमी वाया जाते. जिथे चुकीची किंमत मोठी तिथे लेखी मापाची गरज असते. चिंचवणी चुकली तर आणखी एक गुळाचा खडा टाकला की झाले. तिचे माप जिभेवर असते, म्हणून तिला पुस्तकाची गरज पडली नाही. आणि पुस्तकात नसल्यामुळे पुढच्या पिढीच्या अभ्यासकाला ती ‘मराठी खाद्यसंस्कृती’त दिसेनाशी झाली.

यात साखरेचाही भाग आहे. मुरंब्याला साखर लागते आणि ती सढळ लागते. फळातले पाणी साखरेने बांधून ठेवल्यामुळेच तो टिकतो. आजच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार बाजारच्या जॅममध्ये सामान्यतः निदान ४५ टक्के फळ असावे लागते आणि विरघळलेले घटक, म्हणजे मुख्यतः साखर, ६५ टक्क्यांहून कमी चालत नाहीत. आकडे कारखान्याचे असले तरी तत्त्व आजीच्या बरणीचेच आहे. सहकारी साखर कारखानदारीचा आरंभ १९५०च्या सुमारास अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या लोणी-प्रवरेला झाला. यवतमाळ हा कापूस-ज्वारीचा जिल्हा; ऊस मुख्यतः दक्षिणेकडे, पुसद-उमरखेडच्या पट्ट्यात, जिथे पोफाळीला वसंत सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कोरडवाहू गावातल्या मजुराच्या घरी साखरेची बरणी भरून ठेवणे ही बराच काळ चैनच होती. साठवण करायला आधी शिल्लक लागते. ज्याच्याकडे शिल्लक नाही त्याची पाककला त्या-त्या दिवसाची असते.

नोंद कशाची होते याचे आणखी एक उदाहरण याच जिल्ह्यात आहे. १८५३मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवीच्या काळात येथल्या कापसाला मँचेस्टरच्या बाजारात महत्त्व आले. पुढे कापूस वाहण्यासाठी यवतमाळ–मूर्तिजापूर ही अरुंद मापाची रेल्वे झाली, जिला आपण ‘शकुंतला’ म्हणून ओळखतो. कापसाचे पेरे, गाठी, भाव यांचे तक्ते गॅझेटियरांत आणि अहवालांत सापडतात, कारण ते कोणाला तरी हवे होते. तो कापूस वेचणाऱ्या बाईने आखाजीला काय रांधले, हे कोणालाच नको होते.

यावर एक आक्षेप येईल : छापील पाकपुस्तकांवर हा अन्याय नाही का? बायकांचे ज्ञान बायकांच्या नावाने ग्रंथरूप झाले, हे धुरंधर आणि ओगले यांचे मोठे काम आहे आणि ते आम्हाला मान्य आहे. दुर्गा भागवतांनी ‘खमंग’मध्ये पाककृतींना संस्कृतीच्या अभ्यासाची बैठक दिली, हेही विसरता येत नाही. तक्रार पुस्तकांविषयी नाही, ती आपल्या वाचनाविषयी आहे. जे पुस्तकात आहे तेवढेच मराठी, असे आपण गृहीत धरतो. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ने (१९६०) वऱ्हाडी बोली कादंबरीत आणली तेव्हा आपण तिला साहित्यभाषा म्हणून मान दिला. त्या बोलीतली भूक आपण शिकवतो. त्या बोलीतली चव अजून अभ्यासाचा विषय झालेली नाही. महानुभावांच्या गद्यातही, विशेषतः रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंच्या लीळांत, खाण्यापिण्याचे साधे प्रसंग भरपूर आहेत. म्हैंभटांना ते टिपण्याजोगे वाटले आणि अनुयायांनी सांकेतिक लिपीत जपून ठेवले, म्हणून तेराव्या शतकातल्या वऱ्हाडाचे रोजचे जगणे आज आपल्याला वाचता येते. रोजच्या गोष्टीची नोंद करण्याची परंपरा याच भूमीत मराठी गद्याच्या आरंभीच होती.

ती पुढे चालवणे अवघड नाही, पण वेळ फार नाही. रस्त्यांच्या रुंदीकरणात जुन्या चिंचा जात आहेत. शेंदऱ्या, खोबऱ्या, शेप्या, साखऱ्या अशी एकेका झाडाला स्वतंत्र नावे असलेला गावरान आंबा कलमांपुढे मागे पडला आहे. झाड गेले की नाव जाते, आणि नाव सांगणारी म्हातारीही कायमची नसते. आमच्या महाविद्यालयांतून बोलीभाषेचे प्रकल्प होतात. त्यांत म्हणी आणि ओव्या गोळा होतात, ते योग्यच आहे. त्यांच्या जोडीला येत्या आखाजीला विद्यार्थ्यांनी घरच्या चुलीपाशी वही घेऊन बसावे आणि पुढील गोष्टी उतरवून घ्याव्यात : पदार्थाचे नाव जसे उच्चारले जाते तसेच, चिंच किंवा आंबा कोणत्या झाडाचा, कोणाच्या धुऱ्यावरचा, गूळ कुठून आला, दाट की पातळ, कशाशी खायचा, आधी कोणाला वाढायचा, आणि हे कोणाकडून शिकलात, माहेरी की सासरी. एका पानात मावेल एवढेच हे काम आहे. चिंचवणी दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकणार नाही. वहीतले ते पान मात्र पुढच्या अभ्यासकाच्या हाती पडू शकेल.