सरावाच्या बैठकीत जन्मलेली पद्धत

मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, थोडक्यात ‘एमआय’, ही समुपदेशनाची पद्धत प्रथम दारूच्या व्यसनासाठी घडली आणि पुढे धूम्रपान, मधुमेहाचे पथ्य, औषधोपचारातील सातत्य अशा प्रश्नांपर्यंत पोचली. सवय का बदलावी हे समुपदेशकाने पटवून द्यायचे नाही. ती कारणे समोरच्या माणसाच्याच तोंडून यावीत असे बोलायचे आणि ऐकायचे, हे तिचे सूत्र. ही पद्धत आधी पुस्तकात मांडली गेली नाही. ती सापडली सराव करता करता.

१९८२ साली न्यू मेक्सिको विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर नॉर्वेमध्ये बर्गेनजवळच्या येल्लेस्टाड क्लिनिकमध्ये गेले होते. तेथील तरुण मानसशास्त्रज्ञांशी त्यांच्या नियमित बैठका होत. ही मंडळी स्वतःच्या अवघड रुग्णांची भूमिका घेत आणि मिलर यांना समुपदेशक करून बसवत. मग मध्येच थांबवून विचारत: हाच प्रश्न का विचारला? रुग्ण इतके बोलला, त्यातला हाच धागा का उचललात? मिलर जे सवयीने करत होते त्याचे नियम त्यांना या उलटतपासणीमुळे शब्दांत मांडावे लागले. त्यातून तयार झालेला लेख १९८३ साली प्रसिद्ध झाला. एखाद्या उपचारपद्धतीचे श्रेय तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांनाही द्यावे, असे उदाहरण शोधायचे तर हेच.

त्या काळी अमेरिकेतील व्यसनमुक्तीत वेगळेच वारे होते. १९५८ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ‘सिनॅनॉन’ या व्यसनमुक्ती संस्थेत सगळा गट एकेकाला घेरून त्याच्यावर शब्दांचा मारा करी. व्यसनी माणूस सत्य नाकारतो, तेव्हा तो नकार फोडलाच पाहिजे, अशी समजूत इतरत्रही रुजली होती. मिलर यांचा आधार निराळा होता. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४०च्या दशकात समुपदेशनाच्या बैठका तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करून अभ्यासल्या होत्या, आणि समजून घेत ऐकणे हे शिकता-शिकवता येणारे कौशल्य मानले होते. मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९३च्या अभ्यासात तर असे आढळले, की समुपदेशक जितका अंगावर जाई तितके रुग्णाचे पिणे वर्षभरानंतर जास्त असे.

१९८९ साली सिडनीत मिलर यांची स्टीफन रोल्निक यांच्याशी भेट झाली. ब्रिटनमध्ये ही पद्धत बरीच वापरात आल्याचे त्यांच्याकडून कळले. १९९१ साली दोघांचे पुस्तक आले आणि शिकण्यासाठी रीघ लागली. १९९३ पासून प्रशिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. पुढे या प्रशिक्षकांची ‘मिंट’ ही आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली.

वर्गात होणारा सराव दिसायला साधा असतो. दोघे समोरासमोर, तिसरा निरीक्षक. रुग्ण झालेला म्हणतो, “घरी रोज भांडणं होतात, कळतं मला. पण कामावरून सुटलो की पाय तिकडेच वळतात.” नवख्याच्या तोंडी हमखास येते: “मग रस्ता बदलून बघा ना.” समोरून तितक्याच हमखास उत्तर येते: “तो एकच रस्ता आहे.” सल्ला आला की बचाव आलाच. प्रशिक्षक पुन्हा सुरुवात करायला लावतो, आणि या वेळी प्रश्नही नको असतो, ऐकलेलेच परत मांडायचे असते: “रोजची ही भांडणं तुम्हाला सलतायत.” शेवटी सूर वर गेला तर ही चौकशी होते, खाली उतरला तर समोरचा आपणहून पुढे बोलू लागतो. एवढ्या एका सुरावर बराच वेळ खर्च होतो, आणि तो होणे योग्यच आहे.

तरीही कार्यशाळा पुरत नाही, हे मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच तपासून दाखवले. २००१च्या एका छोट्या अभ्यासात दोन दिवसांच्या कार्यशाळेनंतर शिकणाऱ्यांना स्वतःत मोठी सुधारणा जाणवत होती. ध्वनिफितींत मात्र ती बेताचीच निघाली आणि रुग्णांच्या बोलण्यात फरक दिसला नाही. २००४ साली १४० व्यावसायिकांवर झालेल्या चाचणीत, कार्यशाळेनंतर ज्यांच्या ध्वनिफिती ऐकून अभिप्राय दिला गेला किंवा ज्यांना फोनवरून मार्गदर्शन मिळाले, त्यांचे कौशल्य अधिक टिकले. तेव्हापासून खऱ्या बैठकीतला सुमारे २० मिनिटांचा भाग ऐकून प्रश्न किती, ऐकलेले परत मांडणारे प्रतिसाद किती, हे मोजण्याची रीत रूढ झाली.

गोव्यात ‘संगत’ या संस्थेने हा धडा चांगला उचलला. अतिमद्यपान करणाऱ्या पुरुषांसाठी तिने एमआयवर आधारलेले, जास्तीत जास्त चार बैठकांचे समुपदेशन तयार केले, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत ते देणारे मानसोपचाराची पदवी नसलेले स्थानिक समुपदेशक होते. ते गटाने बसून एकमेकांच्या बैठकांचे ध्वनिमुद्रण ऐकत आणि गुण देत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोकादायक पिण्यातून बाहेर आले होते, ते न मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. वर्षभरानंतरही हा फरक टिकून होता.