आठ रुपयांचा शिपाई

आमच्या मोहल्ल्यात खाकी वर्दी दिसली की ओट्यावरच्या गप्पा थांबायच्या. त्या भीतीला कारणं होती, आजही आहेत. पण पोलिसांचा इतिहास वाचू लागलो तेव्हा एक प्रश्न पाठ सोडेना. इंग्रजांच्या राज्यात लोक ज्या शिपायाला घाबरत, तो स्वतः कुणाला घाबरत होता?

उत्तर १८६१च्या पोलीस कायद्यात आहे. १८५७च्या उठावानंतर चार वर्षांनी तो आला. त्यानुसार शिपाई चोवीस तास कामावरच मानला जाई. दोन महिन्यांची नोटीस किंवा वरिष्ठांची परवानगी असल्याशिवाय राजीनामा देता येत नसे. साहेबाची मर्जी फिरली तर महिन्याभराच्या पगाराइतका दंड, पंधरा दिवस बराकीत कोंडणं आणि वर शिक्षेची कवायत. प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढे गेलं तर तीन महिने सक्तमजुरीही होऊ शकत असे. मुंबई इलाख्याचे पोलीस कायदे वेगळे होते, पण शिस्तीचा साचा हाच.

आणि पगार? १९०२मध्ये अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पोलीस आयोगाने शिपायाला महिना किमान आठ रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. त्याआधी अनेक ठिकाणी याहूनही कमी मिळत. पोलीस भ्रष्ट आणि जुलमी आहेत, असा लोकांचा समज असल्याचं याच आयोगाने नोंदवलं. वरच्या जागांची भरती मात्र १८९३पासून लंडनमधल्या परीक्षेतून होत होती आणि ती गोऱ्यांसाठीच होती. आयोगाने हिंदुस्थानींसाठी उपअधीक्षकाचं पद सुचवलं, पण ती परीक्षा त्यांना खुली केली नाही.

अपुऱ्या पगारात घर चालवणारा माणूस कुणाकडून वसूल करतो? बाजारातल्या भाजीवालीकडून, गाडीवानाकडून. वर दाद लागत नव्हती, म्हणून त्याची भूक आणि चीड खाली उतरत होती. हे त्याच्या लाचखोरीचं समर्थन नाही. ही व्यवस्था कशी चालत होती, एवढंच मी सांगतो आहे.

१९१८मध्ये लंडनच्या पोलिसांनी संप केला, तेव्हा सरकारने पगार वाढवला. पुढच्या वर्षी तिथेही युनियनवर बंदी आली, पण गाऱ्हाणी मांडायला फेडरेशन नावाची अधिकृत संस्था देण्यात आली. हिंदुस्थानात चित्र वेगळं होतं. १९२१मध्ये कराचीच्या खिलाफत परिषदेने ब्रिटिश लष्करातली नोकरी मुसलमानांना हराम असल्याचा ठराव केला आणि अलीबंधूंना दोन वर्षांची शिक्षा झाली. १९२२मध्ये पोलिसांत अप्रीती पसरवण्याविरुद्ध कायदा आला. पोलिसाला काम थांबवायला चिथावणाऱ्याला सहा महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड, किंवा दोन्ही. संघटनेला वाव होता, पण सरकारने मान्य केलेल्या संघटनेलाच आणि मान्य केलेल्या नियमांतच.

त्याच वर्षी फेब्रुवारीत चौरीचौरा घडलं. जमावाने पेटवलेल्या ठाण्यात वीसहून अधिक पोलीस मेले. त्यात एकही गोरा साहेब नव्हता. पुढे ज्या एकोणीस जणांना फाशी झाली, त्यांत नजर अली होते आणि भगवान अहीरही. मेलेलेही आपलेच होते आणि फासावर गेलेलेही आपलेच. हुकूम देणारे दोन्हीकडे सुरक्षित राहिले.

स्वातंत्र्यानंतर तरी काय बदललं? १९५१च्या मुंबई पोलीस कायद्यातही शिपाई सदैव कामावरच मानला गेला. ऑगस्ट १९८२मध्ये मुंबईच्या पोलिसांच्या संघटनेची मान्यता काढली गेली, पोलीस रस्त्यावर उतरले आणि लष्कर बोलवावं लागलं.

पोलिसांकडून अन्याय झाला की आपण जाब विचारतो, आणि तो विचारलाच पाहिजे. पण आपला प्रश्न नाक्यावरच्या शिपायापाशीच थांबतो. ज्याला स्वतःचं गाऱ्हाणं मांडायची मुभा नाही, तो आपलं गाऱ्हाणं किती कान देऊन ऐकेल? पोलीस सुधारणांची मागणी करताना त्याच्या कामाचे तास, त्याचं घर आणि त्याची संघटना हे मुद्देही आपल्या निवेदनात असायला हवेत, असं मला वाटतं.