जबाबी कार्ड

आमच्या शेजारची एक मुलगी यंदा पदार्थविज्ञान हा विषय घेऊन बी. एस्सी. झाली. पहिला वर्ग मिळाला, घरोघर पेढे वाटले गेले, आणि नंतर तिनें संशोधन-सहायकाच्या जागेसाठीं ठिकठिकाणच्या प्राध्यापकांस अर्ज पाठविण्यास आरंभ केला. परवां सायंकाळीं ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "गुरुजी, अकरा अर्ज पाठवले. एखाद्यानें 'जागा नाहीं' असें कळविलें असतें, तरी मला इतकें वाईट वाटलें नसतें. पण उत्तरच येत नाहीं. आपण लिहिलेलें कोणीं वाचलें कीं नाहीं, हेंहि समजत नाहीं."

मी पडलों जुन्या मॅट्रिकचा मास्तर. शाळेतल्या उपकरणांच्या कपाटापलीकडे प्रयोगशाळा मीं पाहिलेली नाहीं. तेव्हां तिला सल्ला देण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता. परंतु इतिहास शिकविण्यांत माझी हयात गेली. म्हणून मीं तिला एक जुनी हकीकत सांगितली, आणि तीच आज आपल्यापुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

एकोणिसाव्या शतकांत जर्मन भाषा बोलणाऱ्या देशांत विज्ञानाच्या शिक्षणाला एक विशिष्ट वळण लागलें. गीसन येथें लीबिग या रसायनशास्त्रज्ञानें १८२४ नंतर जी प्रयोगशाळा चालविली, तिच्यांत विद्यार्थी स्वतःच्या हातानें प्रयोग करून शास्त्र शिकूं लागले. पुढें प्राध्यापक, त्यांची प्रयोगशाळा आणि त्यांचे सहायक असें एक कुटुंबच मोठमोठ्या विद्यापीठांत तयार होत गेलें. सहायकानें उपकरणें मांडावीं, विद्यार्थ्यांचे प्रयोग तपासावे, आणि उरलेल्या वेळांत स्वतःचें संशोधन करून डॉक्टरची पदवी मिळवावी, असा हा क्रम होता. वेतन बेताचें असे. पण विज्ञानाच्या वाड्यांत शिरण्याची पहिली पायरी तीच. त्या पायरीवर कोणास उभें करावयाचें, हें मात्र बहुतांशीं एकट्या प्राध्यापकांच्या मर्जीवर अवलंबून असे.

१९०० सालच्या उन्हाळ्यांत स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या पॉलिटेक्निकमधून आल्बर्ट आइन्स्टाइन नांवाचा एकवीस वर्षांचा तरुण पदविका घेऊन बाहेर पडला. सहांपैकीं सरासरी ४.९१ गुण, म्हणजे उत्तम नव्हे, पण वाईटहि नव्हे. त्याच्याबरोबर त्या शाखेंतून आणखी तिघे उत्तीर्ण झाले होते: ग्रोसमान, कोलरोस आणि एराट. या तिघांना त्याच संस्थेंत सहायकाच्या जागा मिळाल्या. आइन्स्टाइनला मात्र मिळाली नाहीं.

असें कां झालें? आज आपणांस तो थोर पुरुष म्हणून ठाऊक आहे, म्हणून सारा दोष आपण प्राध्यापकांच्या माथीं मारूं. परंतु इतिहासांत असा एकतर्फी निवाडा करूं नये. हा विद्यार्थी व्याख्यानांना नेमानें जात नसे. परीक्षा जवळ आली म्हणजे ग्रोसमानच्या नीटनेटक्या टिपणवह्या वाचून तो अभ्यास करी. प्रयोगाच्या तासांना गैरहजर राहिल्याबद्दल १८९९ सालीं त्याला रीतसर ताकीद मिळाली होती. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक वेबर यांचें आणि त्याचें पटत नव्हतें. गणिताचे प्राध्यापक हुर्विट्स यांच्याकडे त्यानें सहायकाची जागा मागितली, तीहि वेळेअभावीं आपणांस गणिताच्या चर्चावर्गांत भाग घेतां आला नाहीं, हें कबूल करून! प्रामाणिकपणा खरा, पण ही कांहीं शिफारस नव्हे. मी चाळीस वर्षें वर्ग सांभाळला आहे. असा मुलगा समोर बसला असतां तो उद्यां जग हलविणार आहे, हें ओळखण्याइतकी माझी दृष्टि तीक्ष्ण होती, असें मी छातीवर हात ठेवून सांगूं शकणार नाहीं.

झुरिकमध्यें दार बंद झालें, तेव्हां त्यानें दुसरीं दारें ठोठावलीं. द्रवांच्या केशाकर्षणावर त्यानें एक निबंध लिहिला होता. तो १९०१ सालीं एका नामांकित जर्मन नियतकालिकांत छापून आला. त्या निबंधाची प्रत जोडून १९ मार्च १९०१ रोजीं त्यानें लाइप्त्सिग येथील विख्यात रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांस पत्र लिहिलें आणि आपल्याला सहायक म्हणून घ्यावें, अशी विनंती केली. उत्तर आलें नाहीं. दोन आठवड्यांनीं त्यानें पुन्हां लिहिलें. पहिल्या पत्रांत आपला पत्ता घातला होता कीं नाहीं याची खात्री नाहीं, म्हणून हें दुसरें पत्र, असें त्याचें निमित्त! ज्यानें कधीं नोकरीसाठीं अर्ज केला असेल, त्याला या निमित्तांतील केविलवाणेपणा समजावून सांगावा लागणार नाहीं.

१२ एप्रिल रोजीं त्यानें हॉलंडमधील लायडनच्या कामरलिंग ओनेस यांस लिहिलें. हे अतिशीत तापमानावर संशोधन करणारे मोठे शास्त्रज्ञ. या वेळीं त्यानें जबाबी कार्ड पाठविलें, म्हणजे उत्तराचा टपालखर्चहि स्वतःच भरला. आपल्याकडेहि जबाबी कार्ड मिळत असे. वडील मंडळींना तें आठवत असेल. दोन कार्डें जोडलेलीं, एकावर आपण लिहावयाचें, दुसरें समोरच्या माणसानें फाडून त्यावर उत्तर धाडावयाचें. समोरच्यास इतकी सोय करून दिली असतांहि लायडनहून उत्तर आलें नाहीं. तें कार्ड आज लायडनच्याच बूरहाव्हे संग्रहालयांत जपून ठेवलेलें आहे.

पण या हकीकतींतील ज्या पत्रानें माझें मन सर्वांत अधिक हललें, तें आल्बर्टचें नव्हेच. तें त्याच्या वडिलांचें आहे. हेरमान आइन्स्टाइन हे इटलींत विजेच्या यंत्रांचा व्यवसाय करीत. त्यांत त्यांना वारंवार खोट आली होती. मुलगा घरीं येऊन बसला होता, आणि टपालवाल्याची वाट पाहत होता. १३ एप्रिल १९०१ रोजीं, म्हणजे मुलानें लायडनला कार्ड टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशीं, त्याला न कळवितां या गृहस्थांनीं प्राध्यापक ओस्टवाल्ड यांस पत्र लिहिलें. आपल्यासारख्या अपरिचितानें असें लिहिण्याचें धाडस करावें याबद्दल आधीं क्षमा मागितली. मग सांगितलें कीं, मुलगा बावीस वर्षांचा आहे, जागा मिळत नसल्यामुळें खचला आहे, आपली वाट चुकली असें त्याच्या मनानें घेतलें आहे, आणि आपण गरीब आईबापांवर भार झालों आहों, हें शल्य त्याला टोचतें आहे. त्यांनीं मागितलें काय? आधीं नोकरी नव्हे. मुलाचा निबंध वाचावा, आणि जमल्यास उत्तेजनाचे दोन शब्द लिहावे, म्हणजे त्याचा जगण्यांतला आणि कामांतला आनंद परत येईल. सहायकाची जागा देतां आली तर उपकार होतील, हें त्यांनीं नंतर म्हटलें. या पत्रालाहि उत्तर आलें नाहीं.

मग पुढें काय झालें? त्या महिन्यांतच जुना सोबती ग्रोसमान मदतीस धांवला. त्यानें आपल्या वडिलांजवळ शब्द टाकला, आणि वडिलांनीं बर्न येथील सरकारी पेटंट कचेरीचे प्रमुख हालर यांच्याशीं बोलणें केलें. जागा निघेपर्यंत आइन्स्टाइननें विंटरथुर येथें दोन महिने बदली शिक्षकाचें काम केलें, नंतर शाफहाउझेन येथें एका खासगी शाळेंत शिकविलें. १९०२ च्या फेब्रुवारींत बर्नला येऊन त्यानें गणित आणि पदार्थविज्ञान शिकवण्याची वर्तमानपत्रांत जाहिरात दिली. पहिला पाठ विनामूल्य! त्या जाहिरातीमुळें आलेल्या विद्यार्थ्याशीं मैत्री जमली, आणि दोघातिघांनीं मिळून शास्त्राचे आणि तत्त्वज्ञानाचे ग्रंथ वाचण्याचें मंडळ काढलें. प्रयोगशाळा नव्हती, पण अभ्यास थांबला नव्हता. अखेर जून १९०२ मध्यें पेटंट कचेरींत तिसऱ्या वर्गाचा तंत्रज्ञ म्हणून वार्षिक ३,५०० फ्रँक वेतनावर त्याची नेमणूक झाली.

येथें कोणी म्हणेल, "म्हणजे शेवटीं वशिलाच लागला!" हें अर्धें खरें आहे. ग्रोसमानच्या वडिलांचा शब्द नसता, तर हालरसाहेबांनीं या तरुणास पाहिलेंहि नसतें. पण भेटींत त्यांनीं त्याची कसून परीक्षा घेतली, आणि यंत्रशास्त्राचें ज्ञान तोकडें दिसलें म्हणून जाहीर झालेल्या दुसऱ्या वर्गाऐवजीं तिसऱ्या वर्गावर घेतलें. मला वाटतें, वशिला आणि ओळख यांतला भेद येथें आहे. वशिला नालायकास खुर्चीवर बसवितो. ओळख लायकाचा अर्ज ढिगाऱ्यांतून वर काढते, एवढेंच. ज्याला ओळख नाहीं, त्याचा अर्ज वर कोणीं काढावयाचा? त्याचें उत्तर एकच: तो ज्याच्याकडे आला आहे, त्यानें.

याच कचेरींत नोकरी करीत असतां १९०५ सालीं आइन्स्टाइननें ते निबंध लिहिले, ज्यांनीं काल, अवकाश, प्रकाश आणि अणु यांविषयींची आपली कल्पनाच बदलली. १९०९ सालीं तो झुरिक विद्यापीठांत प्राध्यापक झाला. १९१० च्या नोबेल पारितोषिकासाठीं त्याचें नांव सर्वांत प्रथम सुचविलें तें कोणीं? ओस्टवाल्ड यांनींच. आणि १९२० सालीं कामरलिंग ओनेस यांच्या लायडन विद्यापीठानें त्याला सन्मानानें विशेष प्राध्यापक म्हणून बोलाविलें. ही मंडळी दुष्ट नव्हती. तो पहिला निबंधहि कांहीं विशेष नव्हता; पुढें स्वतः आइन्स्टाइननेंच तो कमी लेखला. जागा देतां आली नाहीं, यांत त्यांचा अपराध नाहीं. पण दोन ओळी लिहावयाच्या राहिल्या, त्या राहिल्याच. हेरमान आइन्स्टाइन १० ऑक्टोबर १९०२ रोजीं वारले. मुलाला नोकरी लागलेली त्यांनीं पाहिली, पण १९०५ साल पाहिलें नाहीं. उत्तेजनाचे ते दोन शब्द त्यांना वाचावयास मिळाले नाहींत, ते नाहींतच.

श्रोतेहो, ओस्टवाल्डांविषयीं हें बोलतांना माझी जीभ अडखळते. त्याचें कारण सांगून संपवितों. पुष्कळ वर्षांपूर्वीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मला पत्र लिहिलें होतें. तो रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाला होता, आणि माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांकडे त्याच्यासाठीं शब्द टाकावा, अशी विनंती होती. "आपण मॅट्रिक मास्तर, आपला शब्द कोण मानणार?" असें मीं मनाशीं म्हटलें, आणि तें पत्र एका पुस्तकांत ठेवलें. लाज वाटली म्हणून नकारहि कळविला नाहीं. तीन वर्षांनीं तो बाजारांत भेटला. धान्याच्या दुकानांत हिशेब लिहीत होता. पायां पडला, मुलाबाळांची चौकशी केली, आणि जातां जातां म्हणाला, "गुरुजी, मीं तुम्हांला एक पत्र टाकलें होतें, पोंचलें नसेल." मीं होकारार्थी मान हलविली. "नसेल पोंचलें," म्हणालों. त्या खोट्या मानेचें ओझें अजून उतरलेलें नाहीं.

म्हणून शेजारच्या त्या मुलीला मीं एवढेंच सांगितलें, "अग, बाराव्या ठिकाणीं अर्ज कर. ज्यांना लिहिशील त्यांचें काम आधीं वाचून लिही. आणि उत्तर येईपर्यंत वही मिटूं नकोस." परंतु आजचें माझें खरें सांगणें तिला नाहीं. तें, ज्यांच्या टेबलावर असे अर्ज येऊन पडतात, त्या आपणां सर्वांना आहे. जागा नसेल तर नसो. पण तरुण माणसानें हात जोडून टाकलेल्या पत्राला दोन ओळींचें उत्तर लिहावयास प्रयोगशाळा लागत नाहीं, पदवीहि लागत नाहीं.

ती मुलगी गेल्यावर मीं त्या विद्यार्थ्याचें पत्र शोधून काढलें. पत्ता अजून वाचतां येतो. उत्तर लिहावयास घेतलें आहे.