माध्यमसाक्षरता, बालवयातील

पाहिलेली, ऐकलेली किंवा वाचलेली गोष्ट कोणी केली, कोणासाठी केली आणि तिच्यातून काय वगळले, हे विचारण्याची सवय लहान मुलांना लावणे. विद्यापीठात हाच विषय 'माध्यम-अभ्यास' म्हणून शिकवतात. सहा-सात वर्षांच्या मुलापुढे मात्र हा शब्द न काढलेलाच बरा. त्याला वस्तू दाखवावी.

भोरच्या मुलांना ती घराजवळच सापडते. पंतसचिवांच्या संस्थानाचा (विलीनीकरण १९४८) राजवाडा चित्रपटांत आणि मालिकांत कधी कुणाचा महाल होतो, तर कधी कुणाची हवेली. शूटिंग असले की दारात जनरेटरची गाडी, जमिनीवर वायरींची वेटोळी आणि बघ्यांची गर्दी. पडद्यावर यातले काहीच दिसत नाही. 'आपला वाडा त्यांचा कसा झाला?' असे मुलाने विचारले, की धडा सुरू झाला असे समजावे.

वेल्ह्यात पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडले तरी भागते. त्यातून तोरण्याकडे पाहिले तर नुसता गड दिसतो. हात जरा खाली आणला की विजेच्या तारा, पत्र्याची छपरे, उभी जीप आत येते. 'यातलं खरं कुठलं?' या प्रश्नावर मुले हमखास भांडतात, आणि शिक्षकाने त्यांना थोडा वेळ भांडू द्यावे. दोन्ही खरेच आहे. चौकट कुठे धरायची, हे धरणाऱ्याने ठरवले. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय २०२४ चा आहे. जुन्या पाटीवरचे नाव आणि नव्या कागदावरचे नाव शेजारी ठेवले तरी हीच चर्चा रंगते.

अफवा समजावायला कानगोष्टींचा खेळ पुरतो. पहिल्या कानातले वाक्य दहाव्या तोंडातून ओळखू येत नाही, आणि मधल्या कोणीही मुद्दाम खोटे बोललेले नसते. मोठ्यांनी मात्र धुळे जिल्ह्यातले राईनपाडा विसरू नये: १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून तिथे पाच निरपराध भिक्षुकांना जमावाने ठार मारले. अशा अफवा तेव्हा व्हॉट्सअॅपवरून फिरत होत्या. त्याच वर्षी केरळच्या कन्नूर जिल्ह्यात शाळांमधून खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग सुरू झाले.

महाराष्ट्रात मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करणारी पुण्याची 'बालचित्रवाणी' २०१७ मध्ये बंद झाली. प्राथमिक शाळेत माध्यमसाक्षरता हा स्वतंत्र विषय नाही. घ्यायचीच तर ती भाषेच्या किंवा परिसर अभ्यासाच्या तासाला घ्यावी लागते.