सिरोसिसमधील रक्तस्रावाचे भाकीत: एका आकड्याचा इतिहास

सिरोसिसमध्ये यकृताच्या पेशी नष्ट होऊन त्यांच्या जागी तंतुमय ऊती साचते, आणि रक्त गोठविणारी बहुतेक प्रथिने यकृतातच तयार होत असल्यामुळे अशा रुग्णाला रक्तस्राव सहज होणार, हा समज वैद्यकात दीर्घकाळ निर्विवाद राहिला. आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये प्रोथ्रॉम्बिन टाइम ही चाचणी, म्हणजे परीक्षानळीतील प्लाझ्माची गुठळी होण्यास लागणारा वेळ मोजण्याची पद्धत मांडली, तेव्हा त्या समजाला आकडा मिळाला. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील प्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये चाइल्ड व टर्कॉट यांच्या १९६४ च्या वर्गीकरणातील पोषणस्थितीचा निकष, जो बराचसा डॉक्टरांच्या नजरेवर अवलंबून होता, काढून तेथे हीच चाचणी बसवली. त्या वर्गीकरणाचा हेतू शस्त्रक्रियेतून रुग्ण वाचेल का हे जोखण्याचा होता, रक्त किती वाहील हे सांगण्याचा नव्हता. व्यवहारात मात्र हा भेद पुसट झाला आणि सुई टोचण्यापूर्वी आकडा ‘सुधारण्यासाठी’ प्लाझ्मा चढविण्याची रूढी पडली.

या रूढीला धक्का देणारा पुरावा १९८१ मध्येच उपलब्ध होता. जर्मनीतील एवे यांनी २०० रुग्णांच्या यकृताचा तुकडा तपासणीसाठी काढताना दुर्बिणीतून छिद्राचे रक्त थांबण्यास लागणारा वेळ मोजला, आणि तो वेळ व रक्तचाचण्यांचे आकडे यांचा मेळ बसला नाही. हे निरीक्षण फारसे कोणी मनावर घेतले नाही, कारण त्यामागचे कारण सांगता येत नव्हते. ते २००५ मध्ये मिलानच्या त्रिपोदी, मानुच्ची प्रभृतींनी पुढे आणले: गुठळीला आवर घालणारे प्रोटीन सी हेही यकृतातच बनते व सिरोसिसमध्ये तेही घटते, परंतु त्याला जागे करणारा थ्रॉम्बोमॉड्युलिन हा रक्तवाहिनीच्या अस्तरातील घटक जुन्या चाचणीच्या नळीत नसल्यामुळे ती चाचणी केवळ एकच पारडे पाहत होती. तो घटक मिसळताच सिरोसिसच्या रुग्णांचा प्लाझ्मा निरोगी माणसांइतकेच थ्रॉम्बिन, म्हणजे गुठळी घडविणारे प्रथिन, निर्माण करताना दिसला. हा समतोल अर्थातच नाजूक असून जंतुसंसर्गाने वा मूत्रपिंडे निकामी झाल्याने तो कोणत्याही बाजूला ढळू शकतो, आणि म्हणूनच या रुग्णांच्या पोर्टल शिरेत, म्हणजे आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत, गुठळ्याही होतात.

अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून होणाऱ्या जीवघेण्या रक्तस्रावाचे भाकीत तर मुळातच वेगळ्या वाटेने आले. यकृतातून रक्त पुढे सरकण्यास अडथळा झाला की पोर्टल शिरेतील दाब वाढतो; मायर्स व टेलर यांनी १९५१ मध्ये तो अप्रत्यक्षपणे मोजण्याची रीत दिली, आणि पुढे यकृताच्या अलीकडच्या व पलीकडच्या शिरांच्या दाबातील फरक १२ मिलिमीटर पाऱ्याच्या खाली असेल तर या शिरा सहसा फुटत नाहीत, हे ठरले. उत्तर इटलीतील डॉक्टरांच्या गटाने १९८८ मध्ये ३२१ रुग्णांच्या अभ्यासातून शिरांचा आकार, त्यांवरील लाल वण आणि यकृताच्या आजाराची तीव्रता यांवरून पहिल्या रक्तस्रावाचा अंदाज बांधला; पोर्टल शिरेतील वाढीव दाबाविषयीच्या २०१५ च्या बाव्हेनो परिषदेने, यकृताचा ताठरपणा २० किलोपास्कलपेक्षा कमी व प्लेटलेट्स दीड लाखांहून अधिक असल्यास दुर्बिणीची तपासणी टाळता येते, असे सांगितले.

प्लाझ्मा चढविल्याने रक्ताचे आकारमान वाढून पोर्टल शिरेतील हाच दाब आणखी चढतो, त्यामुळे जुनी खबरदारी काही वेळा स्वतःच अपाय करीत होती, असे म्हणावे लागते. युरोपीय यकृततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी रक्तस्राव टाळण्यासाठी प्रक्रियेपूर्वी सरसकट प्लाझ्मा देऊ नये, असा सल्ला दिला आहे.